पाव वाटी

नागपूरहून परतले तेव्हा पोटावर पाच भोकं होती,
हरभऱ्याएवढी.
गावात सांगितलं, पित्ताचे खडे काढले.
खड्यांना कोणी नावं ठेवत नाही.

पार्डीच्या अंगणवाडीत दोन काटे आहेत.
एक आढ्याला टांगलेला, पोरांच्या झोळीचा,
एक जमिनीवरचा, गरोदर बायांसाठी.
त्यावर मी नऊ वर्षं चढले नव्हते.
एकशेवीसच्या पुढे त्याला आकडेच नाहीत.

"लेकराईचा खाऊ बाईच खाते."
हे मी हापशीवर ऐकलं, हंडा अर्धा भरलेला असताना.
तेव्हापासून खिचडीचं मीठही चाखलं नाही.
दुर्पताला म्हणायची, तूच पाहा वं.

आता चाखते.
दोन चमचे चाखले की माझं जेवण होतं.

घास पंचवीस वेळा चावायचा.
मला पंचवीस मोजता येतात, पण मी कची बाराखडी घेते,
मग खची, आणि वर एक ग.
यथार्थ माझ्या तोंडाकडे बघत बसतो.
साडेतीन वर्षांचा, झोळीत दहा किलो दोनशे,
भाताचा घास गालात ठेवून देतो, गिळत नाही.
बाकीची पोरं ताटल्या धुऊन अंगणात,
सतरंजीवर आम्ही दोघं.
तो गाल बदलतो, मी बाराखडी.
दुर्पता केरसुणी घेऊन उभी:
"उठा न आता. दिवस मावळते."

वैशाखात दारव्ह्याला भाचीचं लग्न.
मोठ्या मामींनी हनुवटी धरून बुंदी कोंबली,
"एवढ्यानं काय होते वं, माह्या हातचा घास हाय."
थुंकता आलं नाही.
मग घाम. मग छातीत मळणीयंत्र.
भाड्याच्या गाद्यांच्या ढिगावर पडून राहिले,
बाहेर "वाढा, इकडे वाढा" चाललेलं,
आणि मला हसू येत होतं, रडूही,
बुंदीची चव मात्र खरंच चांगली होती.

घरी गोळाभाताचा दिवस.
हे कढत तेलात लाल मिरच्या टाकतात, चर्र होतं,
आणि माझा हात मोठ्या पळीकडे जातो.
डॉक्टरांनी भूक पोटातून काढली,
हातात राहिली ती राहिलीच.
हे आताशा भिंतीकडे तोंड करून जेवत.
एक दिवस म्हटलं, इकडं वळा.
तुम्हाला जेवताना पाहू द्या, तेवढं तर पचते मला.
वळले. तेल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.
मी पुसलं, आणि बोट चाटलं.

केस कंगव्यात गुंतून येतात,
त्यांचे गोळे मी भिंतीच्या भोकात खुपसते.
शिंप्यानं चार पोलकी आत घेतली,
पाचवं घ्यायला कापडच नाही म्हणाला, सगळी शिवण झाली.
आणि सोमवारी खिचडी ढवळताना
हिरवी बांगडी मनगटावरून सुटली, थेट गंजात.
दुर्पतानं झाऱ्यानं काढली, पदराला पुसली,
काही बोलली नाही.

काल वजनाचा दिवस होता.
यथार्थ दहा किलो चारशे.
मी आकडा लिहिला, त्याची रेघ जराशी वर वळवली.
पोरं गेल्यावर दार लोटून
जमिनीवरच्या काट्यावर उभी राहिले.
एक्क्याण्णव.
वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं माझीही रेघ आहे,
नाव न घालता. घसरत येते आहे.
ह्या वहीत कोणाची रेघ अशी खाली आली
तर मी त्याच दुपारी चप्पल घालून त्याच्या घरी जाते,
उंबऱ्यावर बसते, विचारते:
जेवत नाही का?

दार ढकलून दुर्पता आत आली.
"बाई, खड्याचं आपरेशन माह्या बयनीचंबी झालतं.
चवथ्या दिवशी शेवभाजी खाल्ली तिनं, दोन भाकरीसंगं."
मी काट्यावरून उतरले नाही.
तिनं ओट्यावरची वाटी आणली,
पावच भरलेली, मऊ केलेली,
आणि पाण्याचा गडवा उचलून
लांब, खिडकीत नेऊन ठेवला.